प्रोसिजर एकच, पण टेस्टवर गप्प आणि प्रॉडक्शनवर बोलकी: तुम्ही कसं करता?

हिशेबनीस

मंडळी, लांबलचक लिहितोय, आधीच माफी. कोड इथे चिकटवला की संपादक निम्मी चिन्हं गिळतो, त्यामुळे सगळं शब्दांतच सांगतो.

आम्ही चौघं मिळून पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २०१६, प्रॉडक्शनवर (जिथे संस्थांचं खरं काम चालतं) स्टँडर्ड एडिशन, टेस्टवर (जिथे आम्ही तपासून बघतो) डेव्हलपर. सगळा जीव स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेल्या कोडमध्ये: व्याज आकारणी, मुदत ठेवींचं नूतनीकरण, दिवसअखेर आणि थकबाकीदारांना जाणारे एसएमएस. ही शेवटची प्रोसिजर थकीत खाती गोळा करते आणि लिंक्ड सर्व्हरवरून (दुसऱ्या सर्व्हरशी करून ठेवलेली जोडणी) एसएमएस पाठवणाऱ्या गेटवेच्या टेबलात ओळी टाकते. पुढे मेसेज आपोआप जातो.

टेस्टवरून मेसेज जाऊ नयेत म्हणून सात-आठ वर्षांपूर्वी कुणीतरी (मीच) प्रोसिजरच्या डोक्यावर एक इफ बसवली. @@सर्व्हरनेम (सर्व्हर स्वतःचं म्हणून सांगतो ते नाव) आणि प्रॉडक्शनचं नाव जुळलं तरच पाठव, नाहीतर मुकाट परत फिर. मग मेलवाली प्रोसिजर, फाइल लिहिणारी, अशी करत करत तीच इफ चाळीसेक ठिकाणी पसरली. इतकी वर्षं काही झालं नाही.

गेल्या महिन्यात एका संस्थेची मार्चअखेरच्या व्याजाची तक्रार आली. तपासायला म्हणून प्रॉडक्शनच्या व्हर्च्युअल मशीनची अख्खी नक्कल काढली, विंडोजचं नाव बदललं, आयपी बदलला, त्यावर ३१ मार्चचा बॅकअप चढवला आणि शनिवारी रात्री दिवसअखेर चालवून झोपलो. रविवारी सव्वासातला चेअरमनसाहेबांचा फोन. मे महिन्यात पूर्ण फेडलेल्या कर्जाची थकबाकी भरा म्हणून मेसेज गेला होता, आणि तो नेमका त्यांच्या सासऱ्यांना. एकूण तीनशेच्या वर मेसेज. टेम्प्लेट आमचाच, डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणीची यंत्रणा) नोंदवलेला, त्यामुळे मधे कुठे अडायचा प्रश्नच नव्हता.

नंतर बघितलं तर नक्कल मशीनवर @@सर्व्हरनेम अजून प्रॉडक्शनचंच नाव सांगत होतं!

तर प्रश्न: प्रोसिजरला आपण कुठे आहोत हे नक्की कसं कळवायचं? कॉन्फिग टेबल? टेस्टसाठी वेगळी प्रोसिजर? की आणखी काही?

बिनधास्त_बंड्या

सासऱ्यांनी काय केलं ते आधी सांगा, मग तांत्रिक चर्चा.

हिशेबनीस

सोमवारी पासबुक घेऊन शाखेत हजर. पुढचं विचारू नका.

रात्रपाळी

@@सर्व्हरनेम विंडोजला विचारत नाही. इन्स्टॉल करताना सर्व्हरने स्वतःचं जे नाव सिस्टीमच्या यादीत लिहून ठेवलं, ते वाचून दाखवतं. मशीनचं नाव बदललं तर जुनी नोंद एसपी_ड्रॉपसर्व्हरने काढावी लागते, एसपी_ॲडसर्व्हरने 'लोकल' म्हणून नवी घालावी लागते आणि सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते. ते केलं नाही तर नाव जुनंच राहतं. सर्व्हरप्रॉपर्टी फंक्शनला 'सर्व्हरनेम' किंवा 'मशीननेम' विचारलं तर मात्र खरं, आजचं नाव मिळतं.

पण नावाचा घोळ निस्तरलात तरी मूळ गोष्ट राहतेच. नक्कल मशीनवर गेटवेचा लिंक्ड सर्व्हर होता, त्याचं लॉगिन होतं, पासवर्ड होता, आणि नेटवर्क तिथवर पोहोचत होतं. दारावरची पाटी बदलली, किल्ली खिशात तशीच.

कोवळी_काकडी

मी नवीन आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडे एक सेटिंग टेबल आहे, त्यात 'वातावरण' नावाच्या ओळीत टेस्ट किंवा प्रॉड लिहिलेलं असतं. प्रोसिजर ते वाचते. सोपं नाही का?

रात्रपाळी

सोपं आहे, आणि याच सोपेपणाने मी दोन नोकऱ्यांत दोनदा पोळले आहे. टेस्ट सर्व्हर ताजा करायचा म्हणजे काय करतो आपण? प्रॉडक्शनचा बॅकअप आणून चढवतो. त्याबरोबर ते टेबलही येतं, आणि त्यात लिहिलेलं असतं 'प्रॉड'. रिस्टोअर झाल्यावर ती ओळ बदलायची स्क्रिप्ट असते, पण ती चालवायच्या आत कुणीतरी ॲप सुरू करतं, नाहीतर स्क्रिप्ट मधेच पडते.

डेटाबेसच्या पोटात जे जे आहे ते सगळं बॅकअपबरोबर प्रवास करतं. एक्स्टेंडेड प्रॉपर्टी (डेटाबेसला चिकटवलेली टीप) लावली तर तीही येते. सिनॉनिम (टेबलांची टोपणनावं) येतात. डेटाबेसच्या बाहेर, सर्व्हरच्या पातळीवर असतं ते येत नाही: लॉगिन, लिंक्ड सर्व्हर, एजंटचे जॉब (वेळापत्रकाने आपोआप चालणारी कामं), डेटाबेस मेलचं प्रोफाइल. म्हणून 'मी कोण' हे लिहायचं तर बाहेरच्या जागी.

हिशेबनीस

पण ताई, आमची तर अख्खी मशीनच नक्कल झाली. बाहेरचं आणि आतलं सगळंच आलं.

रात्रपाळी

हो, त्यावर येते. जेवून.

ओरॅकलवाला

तोवर मी बोलून घेतो. ओरॅकलमध्ये १०जी रिलीज २ पासून कंडिशनल कंपायलेशन आहे. प्रोसिजरच्या मजकुरात डॉलर-इफ लिहायचं आणि पीएलएसक्यूएल_सीसीफ्लॅग्ज या पॅरामीटरमध्ये झेंडा उभारायचा. झेंडा नसेल तर तो भाग कंपाइलच होत नाही. म्हणजे टेस्टवर मेल पाठवणारा कोड नुसता गप्प नसतो, तो तिथे नसतोच. आणि झेंडा ठरवायला विसरलात तर त्याची किंमत नल (काहीच नाही) धरली जाते, म्हणजे इफ खोटी ठरते. विसराळूपणा सुरक्षित बाजूला पडतो, हे मला फार आवडतं.

एकच खोच. कुणी प्रॉडक्शनवर हाताने ती प्रोसिजर पुन्हा कंपाइल केली आणि 'रीयूज सेटिंग्ज' लिहिलं नाही, तर आधीचे झेंडे जातात आणि त्या सेशनमध्ये जे असतील ते लागतात. आमचे प्रॉडक्शनचे मेल असेच चार दिवस बंद होते. कुणी तक्रारही केली नाही, त्यावरून त्या मेलची लायकी कळली ती वेगळीच.

हत्तीवाला

पोस्टग्रेसमध्ये हे फुकटात होतं. आल्टर डेटाबेस सेट करून आपल्या मनाचं एक नाव ठेवायचं, मधे टिंब असलं की झालं, समजा ॲप.वातावरण, आणि फंक्शनमध्ये करंट_सेटिंगने वाचायचं. ९.६ पासून दुसरा आर्ग्युमेंट ट्रू दिला की सेटिंग नसताना एरर न येता नल मिळतं.

गंमत अशी की हे सेटिंग साध्या पीजी_डंपमध्ये (पोस्टग्रेसचा बॅकअप काढणारं साधन) येत नाही. ११ पासून 'क्रिएट' पर्याय दिला तरच येतं. म्हणजे प्रॉडक्शनचा डंप काढून तुम्ही टेस्टवर तयार रिकाम्या डेटाबेसात भरलात, तर त्याला स्वतःची ओळख नसते. ओळख नाही म्हणजे टेस्ट, असं फंक्शनमध्ये लिहून ठेवा. पण हे कुलूप समजू नका. कुणीही आपल्या सेशनमध्ये ती किंमत बदलू शकतो.

बिनधास्त_बंड्या

एवढा खटाटोप कशाला? टेस्टसाठी वेगळी प्रोसिजर ठेवा. नाव तेच, पोटात फक्त रिटर्न. डिप्लॉय करताना टेस्टवर ती टाकायची, प्रॉडक्शनवर खरी. विषय संपला.

मधलीसुट्टी

बंड्याभाऊ, मी टेस्टर आहे. मग मी तपासते ते काय? तुमचं रिकामं रिटर्न?

थकबाकीच्या प्रोसिजरमधला अवघड भाग मेसेज पाठवणं हा नसतोच. कुणाला पाठवायचा, रक्कम किती, जामीनदाराला पण का, एकाच माणसाची दोन खाती थकीत असली तर एक मेसेज की दोन, हे अवघड. तुम्ही टेस्टवर वेगळी प्रोसिजर ठेवलीत की हे सगळं पहिल्यांदा प्रॉडक्शनवरच चालतं. हिशेबनीस यांच्या इफमध्येही तीच गोची आहे बरं का. इफ डोक्यावर आहे, त्यामुळे टेस्टवर पहिल्या ओळीनंतर काहीच चालत नाही. आठ वर्षं ती प्रोसिजर टेस्टवर 'पास' होत होती, कारण ती काही करतच नव्हती.

हिशेबनीस

हे वाचून पोटात गोळा आला. खरंय. जामीनदाराला दोनदा मेसेज जातो ही तक्रार आमच्याकडे दर वर्षी येते आणि टेस्टवर कधीच दिसत नाही.

मधलीसुट्टी

मग उत्तर तुमच्याच तक्रारीत आहे. प्रोसिजरने पाठवूच नये. तिने आपल्याच डेटाबेसमधल्या एका रांगेच्या टेबलात ओळी टाकाव्यात: नंबर, मजकूर, टेम्प्लेटचा क्रमांक, स्थिती 'बाकी'. टेस्ट असो की प्रॉडक्शन, हुबेहूब तेच. रांगेतून उचलून गेटवेकडे नेणारा जॉब वेगळा, आणि तो फक्त प्रॉडक्शनवर. मग मी टेस्टवर दिवसअखेर चालवते, रांग उघडते आणि ओळी मोजते. जामीनदार दोनदा आला की तिथेच दिसतो.

चाळीस ठिकाणच्या इफ जाऊन फरक एका जॉबमध्ये उरतो.

रात्रपाळी

मधलीसुट्टीला शंभर टक्के अनुमोदन, आणि एक फायदा ती बोलली नाही तो मी सांगते. ट्रान्झॅक्शनच्या आत लिंक्ड सर्व्हरवर इन्सर्ट केलं की ते डिस्ट्रिब्युटेड ट्रान्झॅक्शन होतं, म्हणजे दोन्ही सर्व्हरवर पुरं झालं तरच पुरं. गेटवे झोपला की तुमची दिवसअखेर अडकते. एसएमएससाठी संस्थेचा दिवस बंद होत नाही, हे किती विचित्र आहे! रांग आपल्याच घरात असली की हा त्रास जातो.

आता नकलेचं. जॉबसुद्धा मशीनबरोबर येणारच. म्हणून ओळख एका जागी ठेवायची नाही, दोन गोष्टी जुळल्या तरच मान्य करायची. एक छोटं टेबल करा, नाव ठेवा 'परवाना'. त्यात एक ओळ: मशीनचं नाव आणि डेटाबेसचं नाव. जॉबची पहिली पायरी सर्व्हरप्रॉपर्टीला 'मशीननेम' विचारते, डीबी_नेमला डेटाबेस विचारते आणि परवान्याशी ताडून पाहते. जुळलं तर पुढे, नाहीतर थांब.

बॅकअप दुसरीकडे चढवला: परवान्यात प्रॉडक्शनचं नाव आहे, मशीन दुसरं, गप्प. मशीनची नक्कल काढून नाव बदललं: परत जुळत नाही, गप्प. टेबल रिकामं राहिलं, कुणी उडवलं: गप्प. कॉन्फिग टेबलात 'मी प्रॉड आहे' असं लिहिलेलं असतं आणि ते कुठेही नेलं तरी तेच ओरडत राहतं. परवाना म्हणतो 'या मशीनवर असेन तरच'.

डीआर साइट (मुख्य सर्व्हर पडला तर वापरायची पर्यायी जागा) असेल तर तिच्या मशीनची ओळही घाला. नाहीतर ज्या दिवशी खरोखर फेलओव्हर होईल त्या दिवशी मेसेज बंद, आणि तेव्हा हा धागा कुणाला आठवणार नाही.

बिनधास्त_बंड्या

आणि नक्कल काढून नाव बदललंच नाही तर?

रात्रपाळी

तर डेटाबेसकडून अपेक्षा करणं संपलं. तिथे नेटवर्क. टेस्टच्या सबनेटमधून (नेटवर्कच्या त्या भागातून) गेटवेकडे जाणारं दार फायरवॉलवर बंद. गेटवेवाले ठरावीक आयपीवरूनच विनंती घेत असतील तर तिथे प्रॉडक्शनचाच आयपी नोंदवा. हे खरं तर पहिल्या दिवशी करायचं काम. प्रोसिजरमधली कुठलीही तपासणी ही सौजन्याची पाटी असते.

कोवळी_काकडी

विषय थोडा उलटा आहे, पण विचारते. आमची एक प्रोसिजर दोन्हीकडे अक्षरशः सारखी आहे, मी मजकूर जुळवून पाहिला. तरी टेस्टवर चालते आणि प्रॉडक्शनवर अपडेट करताना एरर १९३४ देते. यात कुणी मुद्दाम फरक केलेला नाही.

रात्रपाळी

टेस्टवर मॅनेजमेंट स्टुडिओतून टाकता आणि प्रॉडक्शनवर एसक्यूएलसीएमडीच्या (कमांड लाइनचं साधन) बॅच फाइलने, बरोबर? आणि त्या टेबलावर फिल्टर्ड इंडेक्स (ठरावीक अटीत बसणाऱ्या ओळींपुरताच इंडेक्स) आहे?

कोवळी_काकडी

अगं बाई! दोन्ही बरोबर. कसं ओळखलंत?

रात्रपाळी

पांढरे केस. प्रोसिजर तयार होताना कोटेड_आयडेंटिफायर आणि ॲन्सी_नल्स ही दोन सेटिंग तिच्याबरोबर साठवली जातात. नंतर सेशनमध्ये काहीही करा, ती तिचीच वापरते. स्टुडिओ कोटेड_आयडेंटिफायर चालू ठेवतो, एसक्यूएलसीएमडी मुळात बंद ठेवतो. ते बंद असताना तयार झालेली प्रोसिजर फिल्टर्ड इंडेक्सच्या टेबलात लिहायला गेली की १९३४. एसक्यूएलसीएमडीला कॅपिटल आयचा स्विच द्या, नाहीतर स्क्रिप्टच्या सुरुवातीला सेट करून घ्या. सिस.एसक्यूएल_मॉड्यूल्समध्ये प्रत्येक प्रोसिजरपुढे हे सेटिंग दिसतं, तिथे आणखी किती आहेत ते बघून घे.

बिनधास्त_बंड्या

मायएसक्यूएलवाल्यांचं दुःखही ऐका. विंडोज लॅपटॉपवर टेबलचं नाव कसंही लिहा, चालतं. लिनक्सवर लहान-मोठी अक्षरं वेगळी धरतात. आणि डिफायनर (प्रोसिजर ज्याच्या नावावर असते तो यूजर)! डंपमधल्या प्रोसिजरवर माझ्या लॅपटॉपवरच्या यूजरचं नाव, सर्व्हरवर तो यूजरच नाही, एरर १४४९.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून. आमचा फरक साडेपाच तासांचा होता. क्लायंट भारतातला, टेस्ट त्यांच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर, प्रॉडक्शन ॲझुअर एसक्यूएल डेटाबेसवर. तिथे गेटडेट (आत्ताची तारीख-वेळ देणारं फंक्शन) कायम यूटीसी देतं. भारतात रात्री १२ ते पहाटे साडेपाच या वेळात जे जॉब चालायचे, त्यांच्या नोंदींवर आदल्या दिवसाची तारीख. ३१ मार्चच्या रात्री काय झालं असेल याची कल्पना करा. शेवटी ॲट टाइम झोन वापरून तारीख एकाच ठिकाणी काढली आणि बाकी सगळीकडून गेटडेट हद्दपार केलं.

मधलीसुट्टी

हिशेबनीस, हे तुम्हालाही लागू आहे. मार्चअखेर तपासायला तुम्ही काय करता, सर्व्हरचं घड्याळ मागे?

हिशेबनीस

...हो.

मधलीसुट्टी

देवा. तुमच्याकडे दिवस उघडणं, दिवस बंद करणं आहे ना? म्हणजे शाखेची कामकाजाची तारीख कुठल्यातरी टेबलात आहेच. व्याज, थकबाकी, मुदत, सगळ्या प्रोसिजरनी तीच वाचावी. घड्याळाची वेळ फक्त नोंद केव्हा झाली तेवढी ठेवायला. मग मला ३१ मार्च हवा असेल तर मी टेबलातली तारीख बदलते, प्रोसिजर तीच राहते.

रात्रपाळी

फक्त ती तारीख स्केलर फंक्शनमध्ये (एकच किंमत परत देणारं) गुंडाळून व्हेअरमध्ये, म्हणजे क्वेरीच्या अटीत, लिहू नका. २०१६ वर ते फंक्शन ओळीगणिक चालतं आणि क्वेरी समांतरही होत नाही. प्रोसिजरच्या सुरुवातीला एकदा व्हेरिएबलमध्ये घ्या.

आणि टेस्टला डेव्हलपर एडिशन आहे म्हणालात. त्यात एंटरप्राइजचं सगळं असतं. इंडेक्स रिबिल्डला ऑनलाइन पर्याय लावलेली प्रोसिजर टेस्टवर मजेत चालेल आणि स्टँडर्डवर पडेल. एकदा शोधून घ्या.

ओरॅकलवाला

सगळे बोलले, खऱ्या मोबाइल नंबरांबद्दल कुणीच नाही. ते टेस्टवर असतातच कशाला? रिस्टोअर झाल्याबरोबर, लोकांना दार उघडायच्या आत, नंबर, पॅन, आधार, पत्ते बदलून टाका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तो बाजूला ठेवला तरी ज्या टेबलात सासऱ्यांचा नंबरच नाही तिथून सासऱ्यांना मेसेज कसा जाईल?

हिशेबनीस

*तीन आठवड्यांनी*

सगळ्यांचे आभार. काय काय केलं ते लिहितो.

फायरवॉलचं आधी केलं, अर्ध्या तासाचं काम होतं, आठ वर्षं राहिलं होतं. मग रांगेचं टेबल आणि एकच जॉब, परवान्यासकट. डीआरची ओळ घातली. बॅकअप आता रिस्ट्रिक्टेड_यूजर पर्याय लावून (म्हणजे फक्त ॲडमिन मंडळींपुरता उघडा) चढवतो, नंबर बदलले गेले की मगच सगळ्यांना उघडतो. टेस्टमधल्या सगळ्या सभासदांचा मोबाइल आता माझा आहे. गेटडेटचं काम निम्मंच झालंय, व्याजाच्या प्रोसिजर राहिल्या आहेत आणि त्यांना हात लावायची मार्चपर्यंत हिंमत नाही.

मग मुद्दाम तीच चूक पुन्हा केली. फायरवॉलचा नियम तेवढ्यापुरता काढला, प्रॉडक्शनची नक्कल काढली, नाव बदललं, नंबर बदलले आणि दिवसअखेर चालवली. रांगेत ओळी जमल्या, जॉब पहिल्याच पायरीवर थांबला, माझा फोन रात्रभर शांत. रांगेत जामीनदारही दोनदा सापडला: तो स्वतः सभासद असला की जॉइनमध्ये दोन ओळी यायच्या. आठ वर्षांची तक्रार, वीस मिनिटांत मिटली.

@@सर्व्हरनेम असलेल्या प्रोसिजर सिस.एसक्यूएल_मॉड्यूल्समध्ये शोधून एकेक साफ केल्या. पण एक हाती लागत नाहीये. लाभांशाची प्रोसिजर नकलेवर चालते आणि टेस्टवर काहीच न करता परत येते, म्हणजे इफ आहेच. शोधात मात्र दिसत नाही, मजकुराच्या जागी नल.

रात्रपाळी

विथ एन्क्रिप्शन (मजकूर लपवून) करून ठेवली असेल. मूळ स्क्रिप्ट कुणाकडे आहे?

हिशेबनीस

ज्याने लिहिली तो २०१९ मध्ये नोकरी सोडून गेला. आता आंब्याची बाग सांभाळतो, फोन उचलत नाही.

रात्रपाळी

ॲडमिनच्या खास जोडणीतून, डॅकमधून, मजकूर काढता येतो. पण त्यासाठी नवा धागा काढा, इथे फार खाली जाईल.

बिनधास्त_बंड्या

आणि आंब्याची पेटी विकत घ्यायला म्हणून जा. फोन उचलत नसला तरी गिऱ्हाइकाला भेटेल.